मोकळ्या माणसालाच सांगावे

समोरचा मोकळा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये, हे सुसंस्कृत माणसाचे पहिले लक्षण होय. चाकणच्या आमच्या कंपनीत हे लक्षण आधी सी भाषेतल्या एका कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये दिसले, माणसांत नंतर आले.

तो प्रोग्रॅम निगडीच्या दिव्या मॅडमनी लिहिला. मशीनचे निरोप साहेबलोकांच्या कॉम्प्युटरवर पोचवणे हे त्याचे काम. प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो, त्याला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. प्रोग्रॅम आधी विचारतो, यांपैकी कोणात न थांबता लिहिता येईल? ज्याच्या निरोपांच्या पेटीत जागा असेल तिथे लिहितो आणि पुढे जातो. कोणाच्या दारात ताटकळत नाही. (कंपनीत एवढा स्वाभिमान दुसऱ्या कोणाला परवडत नाही.)

प्लांट हेड अर्जुनरावांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती माणसांना लागू केली. ‘मोकळे आहात का?’ विचारावे. नसल्यास पुढच्याकडे जावे. असल्यास सांगावे. सांगितले की निरोप पोचला.

“सर, जागा आहे म्हणजे वाचलं असं नाही,” दिव्या मॅडम म्हणाल्या. “ते वेगळं तपासावं लागतं.”

“निरोप किती टक्के पोचतात?”

“शंभर.”

“मग झालं तर.”

परभणीचा समाधान आमच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होता. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद पडला. सेफ्टी ऑफिसर मोकळे नव्हते (सुरक्षा सप्ताहाची रांगोळी चालू होती). मेंटेनन्सवाले प्रीतमभाऊ मोकळे नव्हते. मोकळे निघाले खुद्द अर्जुनराव.

“साहेब, सेन्सर गेलाय. हात आत असला तरी प्रेस खाली येतीय.”

“हां, हां,” अर्जुनराव मोबाईलमध्ये बघत म्हणाले.

कॅन्टीनच्या कस्तुराबाईही मोकळ्या होत्या. त्या ओरडल्या, “आरं, मंग मशीन बंद कर की!”

“त्याला ऑर्डर लागती, मावशी. मी सांगून आलोय.”

दुपारनंतर समाधानची दोन बोटे गेली. मला फार वाईट वाटले (चहाच्या सुट्टीत). चौकशीत निष्पन्न झाले की निरोप वेळेत पोचला होता, सबब पद्धतीत दोष नाही. समाधानला हलके काम म्हणून गेटवर बसवले आहे. तो आता पूर्ण मोकळा असतो, त्यामुळे सगळे त्यालाच सांगतात.

सोमवारपासून त्या प्रेसवर मी आहे. सेन्सर अजून तसाच आहे. तुम्ही मोकळे होतात, इथपर्यंत वाचलेत, मध्ये हसलातही. म्हणजे निरोप पोचला.