किल्ली प्रवास करत नाही

साळवेकाका बहिणीला भर थंडीत गजक, म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत वडी, पाठवतात आणि बहीण ती पंखा लावून खाते.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला राहतो. काका आमचे शेजारी होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते जवळच मुनिरक्यात एकटेच खोली घेऊन राहिले, पण चहा अजून आमच्याकडेच. नोकरीभर त्यांनी सरकारचे गुप्त संदेश सांभाळले. त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं आहे: "माणूस चांगला असतो, रस्ता वाईट."

म्हणून गजक पत्र्याच्या पेटीत घालायची, वर स्वतःचं कुलूप लावायचं आणि नगरला जाणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायची. किल्ली काकांच्या खिशात. नगरला बहीण, म्हणजे आक्का, त्याच कोयंड्यात आपलंही कुलूप अडकवणार आणि पेटी दिल्लीला परत. मग काका आपलं कुलूप काढणार, पेटी पुन्हा नगरला, आणि आक्का आपल्या किल्लीने उघडणार. तोवर उन्हाळा.

"किल्ली प्रवास करत नाही," काका खुशीत सांगतात. "आता कंप्युटरसुद्धा कुणीही ऐकेल अशा तारेवर असंच गुपित ठरवतात. फक्त आकड्यांनी."

"पण काका, आत गजक आहे."

"बिल्कुल. म्हणूनच. गाडीत लोकांना भूक लागते."

लोक कंटाळले. कॉलनीतले एकजण तर नगरचं नाव घेईनासे झाले, सुट्टीत नुसतं 'गावी' जातो म्हणायला लागले.

यंदा माझा नवरा विवेक ऑफिसच्या कामाला तिकडे निघाला होता. मी वैतागून म्हटलं, "काका, एक किल्ली आक्कांना देऊनच टाका ना. एका खेपेत काम होईल."

काकांनी कप खाली ठेवला.

"मग पेटी परत कशाला येईल?"

तेच पुढे म्हणाले, "आक्काला फोनवर ऐकू येत नाही. लिहायला दिसत नाही. माझे गुडघे स्टेशनचा जिना चढत नाहीत. कुलूप तेवढं ती चाचपून लावते. तीच तिची खुशाली."

विवेक पेटी घेऊन परत यायच्या दिवशी काका सकाळीच येऊन बसले. मफलर काढला नाही, चहाही नको म्हणाले. गाडीला उशीर होता. एरवी बोलून डोकं उठवणारा माणूस दाराकडे बघत बसला होता.

विवेकने येऊन पेटी खाली ठेवली. काकांनी चष्मा लावला. त्यांच्या कुलपाशेजारी आक्कांचं छोटं पितळी कुलूप होतं. त्यांनी ते हलकेच ओढून पाहिलं. नीट लागलं होतं.

"आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

"काढा तुमचं कुलूप, काका," बूट सोडता सोडता विवेक म्हणाला. "वरच्या मजल्यावरचे परवा नगरला चाललेत. देऊन टाकू."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांनी किल्ली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात टाकली.

"राहू देत दोन्ही कुलुपं लागलेली. गजकला काय घाई आहे?"