पोळ्याचा उरलेला हिंगूळ

"हलू नकोस. नाक हललं की सगळा जोकर हलतो," नीलांबरीबाई म्हणाल्या.

सोनईच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंना पुण्याच्या प्रकाशकानं मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं सांगितली होती. पुस्तक म्हणजे सर्कशीतल्या नामांकित गुलाब जोकरचं चरित्र. समोर दिसल्याशिवाय बाई रेघ ओढत नसत. म्हणून शेजारचा गोरक्ष त्यांच्या ओसरीवर स्टुलावर बसला होता. त्याचा चेहरा लांब आणि जन्मजात गंभीर. रंगाखाली जोकराचा चेहरा असाच असतो, असं बाईंचं ठाम मत होतं.

अडचण नाकाची होती. बाईंचा पाण्याचा लाल रंग घामानं मिशीवर ओघळत होता.

"पोळ्याचा हिंगूळ उरलाय आमच्याकडं," गोरक्षच म्हणाला. "बैलांच्या शिंगांचा. पावसात बी जात न्हाई."

"मग तोच आण."

जात नाही म्हणजे काय, याचा विचार दोघांनीही केला नाही.

चित्र फक्कड उतरलं. नंतर गोरक्षनं नाकाला साबण लावला, रॉकेल लावलं, शेवटी चिंच घासली. नाक जास्तच चकाकलं.

"उद्या शेवगावचं पाव्हणं तुला बघाया यायचं," त्याची आई गोजरबाई म्हणाली. "ह्ये नाक दावू त्यास्नी? आदीच दोन सोयरिकी मोडल्यात."

"उद्यापत्तोर जाईल की."

पण सोनईकडे येणारा टेम्पो पाहुण्यांना आजच मिळाला. दुपारी मुलीचे वडील आणि मुलीची लंकाआत्या अंगणात हजर. गोजरबाईनं घाईघाईनं लेकाच्या नाकावर उपरणं गुंडाळलं.

"लई सर्दी झालीया त्याला."

"मग वाफ द्या की ओव्याची," असं म्हणून आत्या स्वतःच चुलीशी बसली. पातेलं आलं, उपरणं उतरलं आणि वाफेतून लालभडक नाक वर आलं.

वडील जोड्यात पाय घालू लागले. आत्यानं मात्र नाकावर नख घासून बघितलं.

"ह्यो तर हिंगूळ हाय."

"व्हय," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "जनावराला रंग बाधू नये म्हनून आमचा गोरक्ष आदी सोताला लावून बघतो."

"पोळा तर झाला."

"पुढल्या पोळ्याचा हाय."

कुंपणापाशी खुलासा करायला आलेल्या नीलांबरीबाई हे ऐकून आल्या पावली परत फिरल्या.

आत्या पातेलं बाजूला सारून उठली. मग भावाला म्हणाली, "दादा, जोडा काढ. जो बैलाला येवढं जपतो, त्यो आपल्या राहीला जपंल."

लग्न झालं. मग पुस्तकही आलं. प्रकाशकानं ते एकाच शाईत छापलं होतं आणि गुलाब जोकरचं नाक कुळकुळीत काळं होतं. राहीनं पानावरचा लांब चेहरा बघितला, मग नवऱ्याचा बघितला.

"बाई, ह्याला काजळ चाललं असतं की," एवढंच ती नीलांबरीबाईंना म्हणाली.

सासूनं नाकाचं दिलेलं कारण आत्यानं तिला केव्हाच सांगितलं होतं. पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन उभे होते. राहीनं हिंगुळाचा डबा उघडला आणि गोरक्षपुढे धरला.

"आदी तुमी."