मोगलाईपुरती नजर

भागामाय आमच्या गल्लीत शिरण्याआधी कोपऱ्यावरच्या चिंचेखाली थांबायची, घसा खाकरायची आणि दवंडी दिल्यासारखी ओरडायची, "लेकरं आत घ्या गं बायांनो, दूध झाका! भागी येऊन राह्यली!"

मग दारं आपटायची. झोळीतली लेकरं उचलली जायची. वाळत घातलेल्या कुरडयांवर कुणी धोतर टाकायचं, कुणी पाटीखाली कोंबडीची पिल्लं झाकायचं. तोवर भागामाय चिंचेखाली निवांत उभी. थोड्या वेळानं विचारायची, "झालं का?" एखाद्या घरातून आवाज यायचा, "थांब माय, पिठाचं राह्यलं!" ती थांबायची. पीठ झाकलं गेलं की पदर नाकापर्यंत ओढायची आणि नजर स्वतःच्या अंगठ्याला लावून गल्लीतून निघायची.

माझं माहेर बदनापूरचं, रेल्वेच्या गावचं. लग्न होऊन मी जाफराबादेजवळच्या या खेड्यात आले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. आमचा मुलूख निजामाचा, लोकांच्या बोलीत मोगलाई. चार कोस गेलं की वऱ्हाड लागायचं, तिथं इंग्रज. पहिल्यांदा ती आरोळी ऐकली तेव्हा मला वाटलं, बाई वेडी असावी. सासूबाई ताकाच्या मडक्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "येडी न्हाई ती. नजर हाय तिची."

हळूहळू सगळं कळलं. भागामायची तीन लेकरं पाळण्यातच गेली. मग नवरा गेला. तोवर गावाला तिची कीव होती. पुढं एकदा तिनं पाटलांच्या नातवाकडं बघून "किती गोड हाय गं" म्हटलं आणि चौथ्या दिवशी ते पोर तापानं गेलं. त्या दिवशी कीव संपली.

त्यानंतर गावात जे काही बिघडायचं ते भागामायच्या नावावर जायचं. बैल लंगडला, भागीनं पाहिलं. विहिरीचा दोर तुटला, भागी सकाळी तिकडून गेल्ती. सासूबाईंच्या पुऱ्या फुगल्या नाहीत तेव्हाही त्यांनी कणकेकडं न बघता खिडकीकडं बघितलं. मी माहेरी पुऱ्या केलेल्या होत्या, कणीक सैल झाली होती हे मला दिसत होतं. पण नव्या सुनेनं कणकेबद्दल बोलायचं नसतं.

आमचं आणि भागामायचं घर पाठीला पाठ लावून होतं. मधे कमरेएवढी भिंत. सासूबाई देवळात गेल्या की मी भिंतीशी जाऊन तिच्याशी बोलायची. ती माझ्याकडं पाठ करूनच बोलायची. मी एकदा विचारलं, "माय, लोक तुला असं म्हणतेत, तुला राग येत न्हाई?"

"लोक म्हणतेत ना? मंग बराबर असंल." हे तिचं ठरलेलं वाक्य. "इतके लोक. सगळेच कसे चुकतील?"

मग म्हणाली, "अन् फायदा बी हाय की. दुकानात गेले की दुकानदार बाकीच्यायला बाजूला सारतो. 'माय, आधी तुझं काय ते घे अन् निघ.' पाटलीणबाईला बी उभं राहावं लागतं, मला न्हाई."

गावातल्या दोघा भावांत बांधावरून वैर होतं. धाकटा एका सकाळी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन भागामायकडं आला. ताटावर फडकं होतं, ते त्यानं ताट देईपर्यंत काढलं नाही. म्हणाला, "माय, एकदा भाऊच्या कपाशीकडं बघून ये. जास्ती न्हाई, एकदाच."

भागामायनं शांतपणे पोळ्या खाल्ल्या. ताट घासून परत दिलं. म्हणाली, "नजर हाय माझी, ते खरं. पण मी ती भाड्यानं देत न्हाई." तो चिडून पोळ्यांबद्दल बोलायला लागला तशी तिनं नुसता पदर वर उचलला. तो गडी जो पळाला तो थेट मारुतीच्या पारापर्यंत. मी भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसत होते.

त्यामुळं मला वाटायचं, ही सगळी हिची गंमत आहे. गावानं दिलेलं नाव ही काठीसारखं वापरते. पण एके दिवशी मी भिंतीवरून पाहिलं. ती म्हशीची धार काढत होती, आणि तिनं डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. आसपास कुणी नव्हतं. म्हैस तिचीच.

"माय, हे काय?"

ती दचकली. मग फडकं न सोडताच म्हणाली, "एकच तर हाय माझ्याजवळ. तिला लागली तर?"

त्या दिवसापासून मी भिंतीआड हसले नाही.

वर्षातून एकदा ती वऱ्हाडात भावाकडं जायची. तिकडं ती भाच्यांना मांडीवर घ्यायची, न्हाऊ घालायची, त्यांच्याकडं डोळे भरून बघायची. मला याचं नवल वाटलं. "तिकडं लागत न्हाई?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई. नाक्याच्या पलीकडं इंग्रजाचं राज. माझी नजर मोगलाईपुरती." हे ती अगदी गंभीरपणे सांगायची. तिकडं तिला कुणी काही म्हणत नव्हतं, एवढंच त्याचं कारण होतं. पण ते तिच्या ध्यानात येत नव्हतं, आणि मलाही ते सांगायला सुचलं नाही.

मला पहिला मुलगा झाला, विठू. भागामायनं त्याला कधीच पाहिलं नाही. तो भिंतीपलीकडं रडायला लागला की ती हातातलं काम सोडून उभी राहायची, एवढं मात्र मी पाहिलं होतं. एकदा म्हणाली, "पोट दुखून राह्यलं त्याचं. भुकेचं रडणं येगळं असतं." ओव्याचा शेक दिल्यावर तो खरंच झोपला.

विठू दहा महिन्यांचा असताना भागामाय भावाकडं निघाली. रविवारी पहाटे भिंतीशी येऊन मला म्हणाली, "चार दिवस म्हशीकडं बघ. कुणाला सांगू नको, तुझी सासू तुला बोलंल." मी सांगितलं नाही. पाण्याच्या निमित्तानं जाऊन मी धार काढायची, वैरण टाकायची.

सोमवारी विठूला ताप आला. मंगळवारी त्याच्या गळ्यातून श्वास जाईना. वैद्यबुवांनी तोंड उघडून पाहिलं आणि हळूच म्हणाले, घटसर्प. जालना बैलगाडीनं दोन दिवसांवर. यांनी गाडी जुंपली. गाडी शिवेवर पोचायच्या आत विठू माझ्या मांडीवर गेला.

बुधवारी भागामाय परत आली. तिच्यासाठी गावानं आधीच सगळं ठरवलं होतं. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "सोमवारी सकाळी ती आमच्या दारावरून गेल्ती. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं." त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही म्हणवत नाही. त्यांना ते दिसलं असेल. नातू गेलेल्या बाईला काय काय दिसतं.

चावडीवर माणसं जमली. पाटील स्वतः आमच्या दाराशी आले. त्यांनाही त्यांचा नातू आठवत असणार. "सुनबाई," ते म्हणाले, "सोमवारी भागी तुमच्या दारावरून गेल्ती का?"

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मागं चार पावलांवर भागामाय उभी होती, पदर नाकापर्यंत ओढून. सोमवारी ती कुठं होती हे सांगणारं त्या गावात एकच तोंड होतं. मी मान खाली घातली. आमच्याकडं सुनेनं मान खाली घातली की त्याचा अर्थ "हो" असा होतो. मला तो अर्थ चांगला ठाऊक होता.

तिला गाव सोडून तिच्या शेतात राहायला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हस घिऊन जाऊ का?"

"तुझीच हाय," पाटील म्हणाले.

ती गेली आणि गावाची पंचाईत झाली. दोन-तीन महिन्यांत एक बैल मेला, कुणाचा गूळ पाझरला, एका पोराला गोवर निघाला. पारावर बराच विचार झाला. शेवटी एकमत झालं की भागीची नजर आता लांबची झाली, शेतातून गावापर्यंत पोचते. एकानं तर ती कुठल्या खोडापाशी उभी राहते आणि तिथून कोणाची घरं दिसतात, याचा हिशोब मांडला. मी ते सगळं ऐकायची आणि दळत राहायची. यांना एकदा सांगितलं, ती त्या दिवशी वऱ्हाडात होती. हे म्हणाले, "आता सांगून काय होतं?"

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. सव्वा महिना झाला, विहिरीवर पहिल्यांदा पाण्याला गेले. बाया म्हणाल्या, "हिला तरी जप हो, भागीपास्नं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा विठू घटसर्पानं गेला. भागामाय त्या दिवशी गावात न्हवती. तिची म्हस मी पिळून राह्यले होते."

माझ्याशेजारच्या बाईनं आपलं पोर हळूच या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या बाजूला. दुसरी पुटपुटली, "हिला बी शिकवलं वाटतं तिनं." घागर भरून घरी येईपर्यंत गल्लीतली दोन दारं लागली होती. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला घेऊन भागामायच्या शेतावर गेले.

ती खोपीसमोर गवऱ्या थापत बसली होती, पाठमोरी. पावलं ऐकून तिनं पदर ओढला. "कोण?"

"मी, माय. लेक आणलीय."

"जा," ती एकदम म्हणाली. "जल्दी जा. येड लागलं का तुला? अन् काल इहिरीवर काय बोललीस म्हणे? तुला गावात राहायचं हाय अजून."

मी गेले नाही. तिच्यामागं मातीत बसले. "सोमवारी तू वऱ्हाडात होतीस. मला ठावं होतं. मी बोलले न्हाई."

"म्हाईत हाय."

"मंग तू का न्हाई बोललीस? म्हस कुणाच्या भरवशावर सोडली, तेवढं तरी सांगायचं."

तिनं हातातली गवरी थापून पूर्ण केली. कडा नीट दाबल्या. मग बोलली.

"तुझं लेकरू गेल्तं. त्यात आणखी सासूचं बोलणं तुझ्यावर कशाला आणू? अन् ऐक. लेकरू गेलं की कुणावर तरी घालावं लागतं. न्हाई तर माणूस जगत न्हाई. तुमच्याजवळ मी होते, बरं झालं. माझी तीन गेली तवा मी बी लई हुडकलं. सासू हुडकली, जाऊ हुडकली, देव हुडकला. कुणीच सापडलं न्हाई." तिचा आवाज जरा खाली आला. "मंग मीच सापडले. गावानं म्हणायच्या आधी मी म्हणून बसले होते, पोरी. गावानं नुसतं बराबर म्हणलं."

मुलगी कुरकुरायला लागली. भागामायची पाठ ताठ झाली.

"भूक न्हाई तिला," ती म्हणाली. "नुसतं घ्या म्हणते."

"मंग घे की."

मग ती उठली, रांजणाशी जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, नेसत्या लुगड्याला कोरडे केले. माझ्यासमोर येऊन बसली. डोळे असे घट्ट मिटलेले की गालापर्यंत सुरकुत्या पडल्या होत्या. मांडी घालून म्हणाली, "ठिव."

मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं आधी पावलांवर गेली, मग पोटावर, मग हळूहळू चेहऱ्यावर आली. "सांग कशी हाय."

"कपाळ मोठं हाय. ह्यांच्यावानी. भुवया अजून न्हाईत."

"येतील. नाक?"

"नकटं. आमच्या सासूबाईवर गेलंय."

"अरारा," भागामाय म्हणाली आणि हसली. दातांच्या फटीतून आलेलं, आवाज नसलेलं हसू. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण ते मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तिचं तोंड नेहमी दुसरीकडं असायचं.

"अन् डोळे?"

"काळे. मोठे. तुझ्याकडंच बघून राह्यलीय ती. कवाची."

भागामायची बोटं थांबली. मला वाटलं, आता ती मुलगी परत देईल. तिनं आपले डोळे आणखी घट्ट मिटले, आणि डोक्यावरचा पदर मागं सारून चेहरा मुलीच्या जवळ नेला, उन्हात, पूर्ण उघडा.

"बघू दे तिला," ती म्हणाली.