वसंतकाकांच्या दोन वाट्या

आमच्या मोहल्ल्यात कुठेही जेवून हात धुतला की वसंतकाका त्या ओल्या हातावर तुरीचा एक दाणा ठेवतात. "टाका. उजवी वाटी जमलं, डावी वाटी फसलं. लाजाचं नाही."

तूर टाकली नाही असा माणूस महागावात शोधून सापडायचा नाही. काकांची हयात पाणलोटाच्या कामात गेली. काम झालं की गावाला विचारावं, असं तिथल्या कुठल्याशा प्रशिक्षणात शिकवलं होतं. बंधाऱ्यांसाठी सांगितलेलं काकांनी साखरपुडा, भजन, हजामत, सगळ्याला लावलं.

माझ्या मुलीच्या बारशाला फसल्याची वाटी भरली. मी हबकलोच. नेमकं काय फसलं? नाव, की वरण? एका मामांनी तर दाणा दातांनी फोडून एकेक डाळ दोन्हीकडे टाकली. त्या डाळीचा अर्थ मी अजून लावतोय. काकांना विचारलं, तर म्हणाले, "लोकायनं सांगतलं न! आता इचार तुम्ही करा."

तूर टाकली नाही ती फक्त काकूंनी. सगळे पांगले की त्या दोन्ही वाट्या एकाच पातेल्यात ओतायच्या आणि दुसऱ्या दिवशी घुगऱ्या करायच्या. मूठभर आमच्याकडेही यायच्या. मामांची डाळ आठवून मी त्या नाइलाजाने खायचो.

दिवाळीनंतर काकू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. बाळ रांगायला लागलं तरी परतल्या नाहीत. परवा काका वाट्या घेऊन आमच्याकडे आले. मी सवयीने हात पुढे केला, पण दाणा त्यांच्या मुठीतच राहिला.

"हे तिची तूर हाय. ती काहून येऊन नाही राह्यली, सर? आमचा संसार कोण्या वाटीत टाकला असन तिनं?"

जन्मभर गावाला विचारत फिरलेला हा माणूस बायकोला विचारायला घाबरत होता. मीच काकूंना फोन लावला आणि काकांच्या हातात दिला.

काकांनी कसाबसा तोच प्रश्न विचारला.

"मले नाही समजत तुमच्या वाट्या," काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "घासून ठेवा त्या. अन् तुरी भिजवा. मी सोमवारी येऊन राह्यली."

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. "सर, याले जमलं म्हनाव का फसलं?"



त्यांनी मूठ उघडली. दाणा घामाने ओला झाला होता. तो खिशात टाकून ते आमच्याच मोरीवर बसले आणि वाट्या घासू लागले.