मेंढीचा पाचवा पाय

चूक बुरमा एजेंची, म्हणजे बुरमाताईंचीच, पण खापर त्या शेवटपर्यंत नणंदेवर फोडत राहिल्या. नारिन शहरातल्या पशुसंशोधन संस्थेच्या 'डोंगरी पशुधन' या मासिकाची मुद्रितं त्या एकतीस वर्षं तपासत होत्या. त्यांच्या परवानगीशिवाय स्वल्पविरामसुद्धा जागचा हलत नसे. त्या दिवशी त्या संपादक तुर्दुबेक आगायंचा, म्हणजे सरांचा, लेख टाइप करत होत्या. बारा वर्षं खोरंभर हिंडून आगायंनी मेंढ्या मोजल्या, त्याचं ते सार होतं. नेमका नणंदेचा फोन आला, की रविवारी बेशबार्मकला, म्हणजे मटण-नूडल्सच्या जेवणाला, माणसं किती? एजे म्हणाल्या, "पाच," आणि बोटांनीही तेच ऐकलं. 'प्रत्येक मेंढीच्या चारही पायांची लांबी मोजली' याचं 'पाचही पायांची' झालं.

अंक बाहेर पडला आणि एजेंना संस्थेत तोंड दाखवणं मुश्कील झालं. सूप कितव्या पायाचं देऊ, असं कँटीनवालासुद्धा विचारू लागला. एजेंनी घाईघाईनं शुद्धिपत्र छापून उरलेल्या अंकांत घातलं. घाई नडली. त्यात आलं, 'चारही असे असेल तेथे पाचही वाचावे.' आधी ती निदान छपाईची चूक होती, आता ते संस्थेचं अधिकृत मत झालं. एजे दुसरं शुद्धिपत्र काढायला निघाल्या, तेव्हा आगायंनी छातीवर हात ठेवून विनवलं, "राहू दे, बुरमा. आणखी एक काढलंस तर सहावा फुटेल."

दोन वर्षं गेली. मग राजधानीहून समिती आली. मान्यताप्राप्त मासिकांच्या परदेशी यादीत नाव नसलेली मासिकं बंद करायची, असा वरून हुकूम होता. समितीचे प्रमुख डॉक्टर एर्मेक जुमाशोव म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. चहाला हात न लावता त्यांनी बंदीचा कागद आगायंपुढे सरकवला.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण तुमचं हे मासिक वाचतं कोण?"

आगायंनी सहीसाठी कागद जवळ ओढला. त्यांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात साहेबांनी दर्जा कशाला म्हणतात ते कळावं म्हणून स्वतःच्या लेखाच्या प्रती वाटल्या. लेख परदेशी मासिकात आलेला, इंग्रजी, आणि दोन तज्ज्ञांनी तपासल्याचं खाली ठळक छापलेलं.

एजेंना छापील कागद हातात आला की पेन्सिल लागतेच. त्यांचं इंग्रजी नातवाच्या पुस्तकापुरतं, पण एक ते दहा पक्कं. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. एजेंनी तो शब्द तीनदा वाचला. मग उठून कपाटातला जुना अंक आणला, शुद्धिपत्रासकट.

"साहेब, एक शंका आहे," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. "आपल्या मेंढीला पाय किती?"

साहेब हसले. "चार. हे काय विचारणं झालं?"

"मग इथं पाच का मोजलेत?"

साहेबांनी वाचलं. एजेंनी जुना अंक शेजारी ठेवला. तीच वाक्यं, फक्त इंग्रजीत, तेच तक्ते, तोच पाय. समितीतले बाकीचे दोघे माना पुढे काढून बघू लागले, आणि साहेबांचा चेहरा बिनउकळल्या नूडल्ससारखा पांढरा पडला.

"मगाशी आपण विचारलंत ना, कोण वाचतं म्हणून," एजे म्हणाल्या. "आपण वाचता की, साहेब."

आगायंनी पेनाला टोपण घातलं.

महिन्याभरात त्या परदेशी मासिकानं लेख मागे घेतला आणि मूळ संशोधन 'डोंगरी पशुधन'मधलं असल्याचं जाहीर केलं. जगभरातून अंकाची मागणी आली. बंदीची फाइल मंत्रालयात कुठं गडप झाली ते कुणालाच सांगता येईना. पुढच्या रविवारी एजेंच्या घरी अख्खी संस्था बेशबार्मकला बसली आणि नणंदेला मटणाचा मानाचा तुकडा मिळाला.

जेवता जेवता एजेंनी हळूच विषय काढला, "आगाय, आता तरी ती चूक दुरुस्त करू या का?"

"खबरदार," आगाय म्हणाले. "मेंढी उभी राहते चार पायांवर. आपलं मासिक पाचव्यावर उभं आहे."