रेडिंग की रीडिंग?

आमच्या घराजवळचं पाया लेबार मेट्रो स्टेशन आलं की चिखलीकरकाका सीटवरून उठतात आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, ‘‘चला, चिखल आला!’’ डब्यात मराठी कळणारी बहुतेक मी एकटीच असते. त्यामुळे लाजायचं कामही माझ्याकडेच.

अर्थात त्यांचं चुकत नाही. इथल्या मलय भाषेत पाया म्हणजे दलदल आणि लेबार म्हणजे रुंद. काका मूळचे बुलढाण्यातल्या चिखलीचे. इंजिनियर म्हणून देश सोडून इथे आले त्याला वीस वर्षं झाली, आणि आता माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. ‘‘चिखलीहून निघालो तो थेट रुंद चिखलात! मूळ बघावं मनीषा, मूळ!’’ असं ते आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतात. त्यांचं ऑफिस बुओना व्हिस्टा स्टेशनजवळ. ‘‘म्हणजे सुंदर देखावा. माझ्या खिडकीतून समोरच्यांचे एसी दिसतात.’’

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं नोकरी कुठे धरावी? इंग्लंडमधल्या रेडिंग नावाच्या गावी! स्पेलिंग मात्र ‘वाचन’वालं. झालं!

‘‘आर, ई, ए, डी. रीड. म्हणून रीडिंग,’’ काका म्हणाले.

‘‘बाबा, तिकडे सगळे रेडिंगच म्हणतात, लाह!’’ केतकी म्हणाली. पोरगी इथल्याच शाळेत शिकली, त्यामुळे चिडली की वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखा ‘लाह’ येतोच.

‘‘ज्या गावाचं नाव लिहितात एक आणि बोलतात एक, तिथल्या माणसांचा काय भरवसा?’’

हे वाक्य त्यांनी विमानतळावर, तिची बॅग सामानात जात असताना टाकलं. केतकीचा पारा चढला. ‘‘माझ्या गावाचं नाव नीट घेता येईल ना, तेव्हाच मला फोन करा,’’ म्हणाली आणि मागे न बघता आत गेली.

त्यानंतर पाच महिने बापलेकींत अबोला. मध्ये काकू. त्या लेकीशी बोलत असल्या की काका पेपर उलटा धरून बसणार आणि मोठ्यानं म्हणणार, ‘‘रीडिंगवाल्यांना म्हणावं, कान झाकत जा.’’ शेवटी काकूंचंही डोकं फिरलं. ‘‘अहो, रेड्याच्या तोंडून वेद निघाले, तुमच्या तोंडून रेडिंग निघेना!’’ काकांनी पेपर सुलटा केला, एवढंच.

मला खरंच राग यायचा त्यांचा. घरात दोनच माणसं, त्यातही एक तोंड फुगवून! आणि केतकीही काही कमी नाही, खाण तशी माती.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. चारच्या सुमारास परतीच्या धक्क्यावर येऊन बाकावर टेकलो. तिथली होडी बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. नऊ जण आधीच होडीत बसले होते, आम्ही तिघं धरून बरोबर बारा. मी उठायला लागले, तर काका बाकावरून हलेनात.

‘‘मनीषा, मूळ सापडलं.’’

‘‘उबीनचं?’’

‘‘त्या गावाचं गं. रेडा नावाचा कुणी म्होरक्या होता म्हणे.’’

मी फिस्सकन हसले. काका हसले नाहीत.

‘‘रेडा हे त्याचं नाव. आणि पुढचं ‘इंग’ म्हणजे त्याची माणसं. आपल्याकडे गावावरून माणूस, चिखलीचा चिखलीकर. तिकडे उलटं. माणसांवरून गाव. पाच महिने शोधत होतो मी. पोरगी एकटी आहे तिकडे. रात्र रात्र मला भीती वाटायची. ओळख ना पाळख, कुणाच्या भरवशावर राहते? पण गावाच्या नावातच माणसं आहेत म्हटल्यावर... कुणाची का असेनात, माणसं आहेत ना?’’

पाच महिने मी या माणसाला हट्टी, हेकट, काय काय म्हटलं होतं!

‘‘मग लावा की फोन,’’ मी म्हटलं. ‘‘तिकडे आत्ता सकाळ झाली असेल.’’

त्यांनी लावला. काकूंनी ओढणी तोंडाला लावली.

‘‘हॅलो, केतकी? मी बाबा. काय म्हणतंय रेडिंग?’’

पलीकडून एकदम रडू आणि हसू मिसळलेला आवाज आला. स्पीकर चालू नसतानाही आम्हाला ऐकू आला.

‘‘बाबा! परत म्हणा.’’

‘‘रेडिंग! रेडिंग गं बाई, रेडिंग! खाल्लंस का काही?’’

होडीवाल्या म्हाताऱ्यानं हाक मारली. काकूंनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं. होडीतली नऊ माणसं उन्हात आमची वाट बघत होती. मी पुढे होऊन माफी मागितली, म्हटलं, लेकीचा फोन आहे, पाच महिन्यांनी. म्हाताऱ्यानं काकांकडे एकदा नीट पाहिलं आणि होडीचं इंजिन बंद केलं.