कच्चा कागद आणि आईचे लुगडे यांची हकीकत

श्रीसुईदोरा प्रसन्न. जी पुढे गेली म्हणोन दोरा मागे आला त्या सुईस दंडवत, आणि फाटले ते ज्याने सांधिले त्या दोऱ्यास नमन. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात (नाव लिहिण्याचा हुकूम नाही) राणीसाहेबांस कन्यारत्न जाहले आणि नौबत झडली आणि हत्तीवरून साखर वाटली. परंतु राणीसाहेबांचे चित्त ठिकाणी नव्हते, कारण त्यांच्या मातोश्री त्याच साली आषाढात निवर्तल्या आणि माहेराहून त्यांचे एक अंजिरी लुगडे तेवढे आले होते. मग त्यांनी साळूबाई शिंपिणीस बोलाविले आणि आज्ञा केली की या लुगड्याची तारकांची गोधडी करावी आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घालावी. म्हणाल्या, "आजीच्या मांडीवर निजणे पोरीच्या नशिबी नाही. लुगड्यावर तरी निजू दे."

साळूबाई होय म्हणोन घरी आल्या आणि लुगडे उलगडून पाहतात तो तोंडचे पाणी पळाले. धुवून धुवून वस्त्र इतके विरले होते की टाका ओढला तर तेथेच भोक पडावे. दुसरे लुगडे मिळेल, पण राणीसाहेबांची आई कोठून आणावी?

आता तारकांची रीत ऐसी की कागदावर आकृती आखावी आणि कापडाचे तुकडे त्यास लावून रेघेवरून शिवावे, म्हणजे टोकास टोक मिळते, आणि मग कागद फाडून काढावा. काढिला नाही तर गोधडी रात्रभर कुरकुरते आणि मूल निजत नाही. साळूबाई शहाण्या, त्यांनी आधी चिंधीवर करून पाहिले. दप्तराचा कागद आणिला, कवडीने घोटलेला, चांगला चिवट. शिवण सुरेख आली, पण कागद ओढिला तो टाके उपटून हाती आले. मग पतंगाचा कागद घेतला, तर तो सुई लागताच उभा चिरला आणि तारकेचे टोक भलतीकडे गेले. ऐसे चार दिवस गेले.

मग साळूबाई कारभारी विसाजीपंतांकडे गेल्या आणि विनंती केली की सुई सोसेल पण ओढता सहज सुटेल ऐसा थोडा कच्चा कागद मिळावा. पंतांस तो दौलतीचा अपमान वाटला. म्हणाले, या राज्यात कच्चे काही होत नाही, आणि दुसरे दिवशी दप्तराच्या कागदाहूनही जाड कागदांचे गठ्ठे दोन बैलांवर घालून पाठविले. साळूबाईंनी कपाळावर हात मारिला. गावभर विचारिले तरी तेच, कारण तेथील चाल ऐसी की उणे असेल ते कोणी कबूल करू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! या चालीवर दौलत उभी होती, आणि या चालीपायी एक गोधडी अडली होती.

शेवटी आठवे दिवशी साळूबाई दरबारास कागद करून देणारे दाऊद कागदी यांचे दारी गेल्या. दाऊदमियांनीही कानावर हात ठेविले की आपल्याकडे कच्चा कागद कधी जाहलाच नाही. तेव्हां साळूबाई ओट्यावर बसल्या आणि आपली बिघडलेली चिंधी, टाके उपटलेली, त्यांचे पुढे पसरून म्हणाल्या, "दाऊदभाई, हे माझ्या हातचे. तीस वर्षे शिवते आहे, आणि हे ऐसे जाहले. आता तुमचे दाखवा."

दाऊदमियांनी चिंधी हाती घेऊन उपटलेले टाके पाहिले. मग आत गेले आणि पेंढ्याखालून एक गठ्ठा काढून आणिला. सांगू लागले की पावसाळ्यात कागदास खळ कमी पडली म्हणोन कच्चा राहिला, शाई फुटते, घडीवर फाटतो. दरबारात कळते तर कागदीपण गेले असते, म्हणोन दडविला. साळूबाईंनी एक ताव घेतला आणि सुईने टोचला, तो चिरला नाही. टाके घालोन घडी घातली आणि अलगद ओढिला, तो टाक्यांवरून सुटा जाहला आणि टाका जागचा हलला नाही. साळूबाईंचा जीव भांड्यात पडला. शाईचे भय होते, तर शाई नकोच म्हणोन त्यांनी आकृत्या नुसत्या सुईने टोचून काढिल्या, आणि त्या भोकांवरून कागद आणखीच सुखाने फाटू लागला. दाऊदमियां तेथेच ओट्यावर बसोन हसू लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

बाराव्या दिवशी सकाळी गोधडी तयार होती. एका तारकेचा कागद मात्र साळूबाईंनी मुद्दाम तसाच ठेविला आणि त्याचे टोक राणीसाहेबांचे हाती दिले. राणीसाहेबांनी टोक सोडून दिले. म्हणाल्या, "साळूबाई, आईचे फाटेल हो."

"कागद फाटेल, राणीसाहेब. आई राहील."

मग राणीसाहेबांनी कागद ओढिला. बारीक आवाज जाहला आणि खालची अंजिरी तारका सबंध राहिली. त्यांनी ती गालास लाविली आणि आषाढापासून अडलेले रडू तेव्हां आले, आणि पोटभर रडोन मोकळ्या जाहल्या. कन्या पाळण्यात घातली ती नाव ठेवीपर्यंत जागी जाहली नाही.

एवंच, दाऊदमियांचे कागदीपण राहिले. आणि विसाजीपंत पुढील महिन्यात नातवाची गोधडी करवावी म्हणोन स्वतः त्यांचे दारी गेले आणि हळूच म्हणाले की थोडा कच्चा असेल तर पाहा.